हरवण्याचा सराव

मोसमाच्या शेवटी संस्थेत शोध-सराव व्हायचा आणि त्यात हरवायला कोण जाणार यावरून दरवेळी गोड भांडण व्हायचं. हरवणारीचं काम सगळ्यांत सुखाचं. खाण्याचा डबा घ्यायचा, ठरलेल्या जागी जाऊन बसायचं आणि बाकीच्या बायका काट्याकुट्यांतून हाका मारत येईपर्यंत झाडाला टेकून डुलक्या काढायच्या. यंदा मात्र भांडण झालंच नाही. धाकटीनं परस्पर सांगून टाकलं, "यंदा चष्मेवाली हरवणार."

थोरलीला ते खटकलं. पण चारचौघींत बहिणीला काय विचारणार?

संस्था या दोघी बहिणींची. थोरली पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. नकाशे भिंतीवर टांगून टांगून कंटाळली आणि एक दिवस नोकरीला रामराम ठोकून बायकांना रानात घेऊन निघाली. धाकटी तिच्या पाठोपाठ आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली होती. खालून रबराचा आणि ग्रीसचा वास यायचा, वर दोरांची भेंडोळी, तंबूंच्या पिशव्या, उसने द्यायचे बूट आणि भिंतीला टेकवलेली वल्ही. इथे बायका नकाशा वाचायला शिकायच्या, गाठी मारायला, ओल्या लाकडांवर जाळ करायला, होडी वल्हवायला. थोरलीला सगळ्या 'ताई' म्हणायच्या. धाकटीला चाळिशी उलटली तरी 'छोटी'च. थोरलीच्या पोटात काही राहत नाही ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. ती खोटं बोलायला गेली की आधी तिचे कान लाल व्हायचे.

चष्मेवाली आली ती तिच्या नवऱ्यामुळे. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ती मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासायची. डॉक्टरांनी तिला मोकळ्या हवेत चालायला सांगितलं होतं. "तुमच्याकडे बायकाच बायका, म्हणून पाठवतो," तो पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाला होता. दरवेळी तो स्वतः गाडीतून सोडायचा आणि वर्ग संपेपर्यंत फाटकाशी गाडीत बसून राहायचा. ऊन असो, वारा असो. मध्येच उतरून कुणाच्या चष्म्याची दांडी सैल झाली असेल तर खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून घट्ट करून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. थोरलीचा चष्माही त्यानंच नीट करून दिला होता.

"नवरा असावा तर असा," थोरली एकदा म्हणाली होती.

धाकटी तेव्हा दोर गुंडाळत होती. गुंडाळलेला दोर तिनं सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतला.

गेले काही दिवस थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती, पण ती नवऱ्याबद्दल नव्हती. धाकटीबद्दल होती. ती आणि चष्मेवाली बुटांच्या फळीपाशी कुजबुजत असायच्या आणि थोरली जिना चढून आली की एकदम गाठींविषयी बोलायला लागायच्या. त्या गाठी तर चष्मेवालीला केव्हाच यायला लागल्या होत्या. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी धाकटी 'टायर दाखवून आणते' म्हणून व्हॅन घेऊन गेली आणि चाकांना लाल चिखल लावून आली. टायरवाल्याकडे कुठला आलाय लाल चिखल?

थोरलीनं आपल्या मनाशी हिशेब मांडला. ही वेगळी चूल मांडतेय. आपल्या पाठीमागे बायका फोडतेय. उद्या समोरच्याच रस्त्यावर दुसरी पाटी लागेल आणि आपण बसू वल्ही पुसत. सख्खी बहीण! तिला विचारायचं जिभेवर यायचं आणि तिथंच अडायचं. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर?

अशा मनानं ती सरावाच्या दिवशी रानात गेली.

ठरलं होतं असं: चष्मेवालीनं जुन्या दगडाच्या खाणीत जाऊन बसायचं. बाकीच्यांनी रांग धरून रान विंचरत यायचं आणि कुणी शिट्टी मारली की तिनं शिट्टीनं उत्तर द्यायचं. चष्मेवाली सकाळीच पुढे गेली. जाताना तिनं थोरलीचा हात क्षणभर धरला. "ताई, तुम्ही छान शिकवलंत," ती म्हणाली. थोरलीला वाटलं, शेवटचा वर्ग म्हणून म्हणत असेल. नवरा फाटकाशी गाडीत बसला. "मी आलो असतो हो मदतीला, पण गुडघा साथ देत नाही," तो म्हणाला.

रांग खाणीशी पोहोचली तेव्हा सगळ्यांत पुढे नर्सबाई होत्या. नर्सबाई म्हणजे संस्थेत प्रथमोपचार शिकवणाऱ्या. उभी हयात इस्पितळात गेलेली, आवाज असा की झोपलेला रोगी उठून बसावा. त्यांनी हाक मारली, "अगं, चष्मेवाले! सापडलीस हो!"

उत्तर आलं नाही. खाणीतल्या सपाट दगडावर डबा होता, न उघडलेला. शेजारच्या फांदीला शिट्टी लटकत होती.

"शिट्टी इथं आणि बाई कुठं?" नर्सबाई म्हणाल्या. एकदोघी हसल्या. त्यांना वाटलं, सराव अवघड करायची ही छोटीचीच काहीतरी नवी युक्ती. मग त्यांनी थोरलीचा चेहरा पाहिला आणि हसायच्या थांबल्या.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. सगळ्या बावरून इकडेतिकडे बघत होत्या. धाकटी मात्र घड्याळ बघत होती.

"तहान लागली असेल. ओढ्याकडे गेली असेल," धाकटी म्हणाली. "सगळ्यांनी ओढ्याच्या बाजूनं रांग धरा."

"पाण्याला जाताना शिट्टी टांगून कोण जातं?" थोरलीनं विचारलं. "आणि खिंडीची बाजू?"

"तिकडे चढ आहे. ती कशाला चढेल?"

बोलणं बरोबर होतं, पण फार पटकन आलं होतं. जणू आधीच घोकून ठेवलेलं. बायका ओढ्याकडे वळल्या आणि थोरलीनं पोलिसांना फोन लावायला घेतला, तर धाकटीनं तिचा हात धरला. "इतक्यात नको ताई. थोडी थांब."

"कशासाठी?"

"थांब म्हणते ना."

थोरलीनं हात सोडवून घेतला. आधी नवऱ्याला सांगायला हवं म्हणून ती फाटकाशी गेली. बातमी ऐकून तो सावकाश गाडीतून उतरला. खिशातून मऊ फडकं काढून त्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला, आणि विचारलं, "ती हल्ली कुणाशी जास्त बोलायची?"

बायको रानात हरवली म्हटल्यावर माणूस काय विचारतो? कधीपासून, कुठं, तिच्याजवळ पाणी आहे का? थोरलीला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. पण प्रत्येकाची घाबरायची तऱ्हा वेगळी, असं म्हणून तिनं तो सोडून दिला.

"मी पोलिसांना बोलावतेय," ती म्हणाली.

"पोलीस कशाला ताई? उगाच बोभाटा. मी आहे ना. सापडेल ती. तिला डावं-उजवं कळत नाही, लांब कुठं जाणार?"

डावं-उजवं कळत नाही! मागच्याच महिन्यात दाट धुक्यात थोरलीनं तिच्या हातात नकाशा आणि होकायंत्र दिलं होतं आणि ती सगळ्या वर्गाला घेऊन बरोब्बर व्हॅनच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. धाकटीला पोलीस नकोत, यालाही नकोत. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळलं. कुठं, ते कळेना. तिनं फोन लावला.

पोलीस अधिकारी आल्या. कमी बोलणाऱ्या, उंच बाई. त्यांनी नवऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं, धाकटीचं ऐकलं, आणि दोघांपैकी कुणाचंच पूर्ण पटलं नसल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात ओढ्याकडून ओरडा झाला. थोरली धावत गेली. चष्मेवाली सापडली नव्हती. शेवाळलेल्या दगडावरून नर्सबाई घसरल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मनगटापाशी वाकडा झाला होता.

"मोडलाय," नर्सबाई स्वतःच म्हणाल्या, दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तशा. "फळी लावा दोन्हीकडून. अशी नाही गं, शिकवलं काय होतं मी?"

धाकटी गुडघे टेकून फळी बांधत होती आणि तिची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. डोळ्यांत पाणी होतं. ही बाई गाठ मारताना कधी चुकत नाही, हे थोरलीला माहीत होतं. ती तिथून उठली आणि कुणाला न सांगता खिंडीकडे चालू लागली.

चढाच्या पायथ्याला माती ओली आणि लाल होती. व्हॅनच्या चाकांना लागली होती तीच. तिथं ठसे होते. संस्थेचे उसने बूट थोरलीनं स्वतः चिकटवून चिकटवून टिकवलेले, तिला त्यांचे तळवे तोंडपाठ होते. चष्मेवालीचे पाय. हरवलेल्या माणसाचे ठसे कसे असतात हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. ते वेडेवाकडे पडतात, मागे फिरतात, पुन्हा पुढे जातात, शेवटी शेवटी धावतात. हे ठसे तसे नव्हते. वाटेला फाटा फुटला तिथं दोन्ही पाय जुळवून बाई उभी राहिली होती, नकाशा होकायंत्राशी जुळवून घेतला असणार, आणि मग एक पाऊलही वाया न घालवता बरोबर वाटेनं गेली होती. खिंडीच्या पलीकडे मोटाररस्ता होता. तिथं बस थांबायची.

ही हरवली नाही. ही निघून गेली.

आणि त्या ठशांच्या शेजारी दुसरे होते. जुने, कडा ढासळलेले. डावा चवडा बाहेर फेकलेला. लहानपणी दोघी बहिणी ओल्या वाळूत चालायच्या तेव्हा थोरली याच चवड्याला बदक म्हणून चिडवायची. धाकटी इथून आधी येऊन गेली होती. वाट दाखवायला.

थोरली खाली दगडावर बसली. म्हणजे वेगळी चूल वगैरे काही नव्हतं. पहिल्यांदा तिला हलकं वाटलं, आणि लगेच संताप आला. खाली एका बाईचा हात मोडलाय! बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून झुडपं चाचपताहेत! कुणासाठी? आणि कशासाठी? नांदत्या घरातून बाई अशी चोरून का जाते? तिनं ठरवलं, आत्ता खाली जायचं आणि पोलिसांना जे आहे ते सांगायचं.

"काही सापडलं का ताई?"

ती दचकून उठली. चष्मेवाला तिच्या मागे काही पावलांवर उभा होता. गुडघा साथ न देणारा माणूस, गुळगुळीत तळव्यांचे दुकानातले बूट घालून एवढा चढ चढून आला होता. त्याला धापही लागली नव्हती.

"तुम्ही कशाला आलात?" थोरलीनं विचारलं.

"तुम्ही एकट्याच निघालात, म्हटलं बघावं," तो हसून म्हणाला. मग त्यानं खिशातून एक फोन काढून दाखवला. "तिचा आहे. माझ्याकडेच असतो. ती हरवते हो वस्तू. कागदपत्रंही माझ्याकडेच. म्हणून म्हणतो, तिला कुणीतरी फूस लावल्याशिवाय ती जायची नाही. कुणी लावली, ते सांगा फक्त. मी काही कुणाला खायला उठलो नाही. घरी आली की सगळं ठीक होईल. गेल्या वेळीही झालं होतं."

"गेल्या वेळी?"

"होतं असं कधी कधी. मग समजावतो मी."

तो अगदी मऊ बोलत होता, दांडी घट्ट करताना बोलायचा तसाच. थोरलीला एकाएकी फाटकाशी उभी असलेली ती गाडी आठवली. उन्हातही काचा वर केलेली, तोंड नेहमी दाराकडे. ती त्याला काळजी म्हणत आली होती. डॉक्टरांनी मोकळी हवा कशासाठी सांगितली असेल, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिच्या बुटाखाली चष्मेवालीचा ठसा होता. तिनं पाय हलवला नाही.

"इकडे काही नाही," ती म्हणाली. "मीही तेच बघायला आले होते. वाट पुढे बंद आहे, दरड कोसळलीय. चला खाली."

आपले कान लाल झालेत हे तिला जाणवत होतं. तिनं डोक्याचा रुमाल ओढून कानांवर घेतला, जणू वारा लागतोय. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चष्म्याच्या वरून खिंडीकडे नजर टाकली.

"दरड?" तो म्हणाला.

"पावसाळ्यापासून. तुम्ही पुढे व्हा, उतारावर माझा तोल जातो."

तो वळला. थोरली त्याच्या मागून उतरली, ओल्या मातीत प्रत्येक ठिकाणी पाय फरफटत, दोन्ही ठशांवरून. मागे वळून बघण्याचा धीर तिला झाला नाही, पण खाली येईपर्यंत तो कितीदा मागे वळला ते तिनं बघितलं.

खाली पोलीस अधिकारी फोनवर बोलत होत्या. बोलणं संपवून त्या सरळ चष्मेवाल्याकडे आल्या. "तुमच्या पत्नी दुसऱ्या गावच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर झाल्यात. सुखरूप आहेत, स्वतःच्या मर्जीनं गेल्यात, असं त्यांनी सांगितलंय. पत्ता कळवू नये अशी त्यांची विनंती आहे."

"कुठलं गाव?" त्यानं विचारलं.

"तेच नाही सांगायचं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त पातळ झालं. त्यानं सगळ्यांना हात जोडले, नर्सबाईंच्या हाताची चौकशी केली, आणि गाडीकडे जाता जाता धाकटीसमोर थांबला. "छोटी तुम्हीच ना?" तो म्हणाला. "तुमची खूप आठवण काढायची ती घरी." मग तो गेला. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता.

पोलीस अधिकारी निघताना थोरलीच्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "फार चिखल लागलाय तुम्हाला. ओढ्याकडची माती तर काळी आहे." आणि उत्तराची वाट न बघता जीपमध्ये बसल्या.

व्हॅनमध्ये दोघीच उरल्या तेव्हा थोरलीनं किल्ली फिरवली नाही.

"बोल," ती म्हणाली.

धाकटी भडाभडा बोलली. चष्मेवालीच्या दंडावरचे वळ तिनं होडीत पाहिले होते. मोकळ्या हवेची गरज डॉक्टरांना का वाटली, तेही तिला तिथंच कळलं: दुकानाच्या मागच्या खोलीबाहेर तो तिला पडूच द्यायचा नाही. बाई एकटी कधी नसायचीच, फक्त या वर्गात असायची, तीही फाटकापर्यंत. दूर गावी तिची मावशी होती. ठरलं असं होतं की रांग खाणीत पोहोचायच्या आत ती ठाण्यात पोहोचेल आणि निरोप येईल, म्हणजे कुणाला शोधावंच लागणार नाही. पण बस वाटेत बंद पडली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू त्याला नवरा असावा तर असा म्हणालीस. आणि तुझे कान, ताई! त्यानं नुसतं विचारलं असतं तरी तू सांगून मोकळी झाली असतीस."

"आज विचारलं त्यानं," थोरली म्हणाली. "खिंडीत, समोरासमोर."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. थोरलीनं गाडी सुरू केली.

नंतरचे दिवस वाईट गेले. ही संस्था बायकांची घरं फोडते, असं चष्म्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जायला लागलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही, दुःखाच्या. वर्गातल्या निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. समोरच्या फुटपाथवर कधीमधी ती गाडी उभी दिसायची, काचा वर. बहिणी जिना उतरण्याआधी खिडकीतून बघायला लागल्या. कुणी नवी बाई चौकशीला आली की तिला त्यानंच पाठवलं असेल का, हा विचार दोघींच्या मनात एकदमच यायचा.

आणि नर्सबाईंना सांगायला हवं होतं. थोरलीनं तो आग्रह धरला. दोघी त्यांच्या घरी गेल्या. नर्सबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाताचं काही नाही," त्या म्हणाल्या. नेहमीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "हाडं जुळतात. पण छोटे, तू मला ओढ्यात पाठवलंस. खाणीतच कानात सांगितलं असतंस तर मी तिथंच पाय मुरगळल्याचं सोंग करून सगळ्यांना बसवून ठेवलं असतं. मी तोंड उघडेन असं वाटलं तुला? इस्पितळात किती बायकांच्या अंगावरच्या वळांना मी मलम लावलंय माहीत आहे? जिन्यावरून पडले म्हणायच्या सगळ्या."

माफी मागायला धाकटी पुढे झाली.

"या आता," नर्सबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या बरेच दिवस आल्या नाहीत. प्रथमोपचाराचा वर्ग थोरलीनं चालवला, फारसा बरा नाही. शोध-सरावाची सूत्रं धाकटीनं आपण होऊन सोडली. दोघी बहिणी कामापुरतं बोलत होत्या. थोरली संशय घेत नव्हती असं नाही. धाकटी कुणाशी कुजबुजली की तिचे कान अजून टवकारायचे. फक्त आता ती मनात हिशेब मांडत बसायची नाही, तिथंच विचारायची, "काय चाललंय गं?" धाकटी कधी सांगायची, कधी चिडायची.

मग एका सकाळी नर्सबाई जिना चढून आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या, बऱ्या झालेल्या हातानं फळीवरच्या पट्ट्या उचलून बघितल्या आणि म्हणाल्या, "ही काय गुंडाळण्याची पद्धत झाली?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा यायला लागल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, वर्ग सुटल्यावर, थोरली ओल्या दोऱ्या वाळत घालत होती. धाकटी जवळ येऊन उभी राहिली. तिनं एक दोरी उचलली, परत खाली ठेवली.

"ताई, वर्गात अजून एक जण आहे."

थोरलीचे हात थांबले. आजच्या वर्गात आलेल्या सगळ्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोरून सरकले. हसणारे, दमलेले, ओळखीचे. यातली कुठली? कुणालाही बघून काही कळत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"कोण?" तिनं विचारलं.

धाकटी सांगायला लागली, तेवढ्यात थोरलीनं हात वर केला.

"थांब. नर्सबाई खाली सायकलवाल्याशी हुज्जत घालताहेत. त्यांना येऊ दे वर. मग सांग."

धाकटीनं मान हलवली. दोघी दोऱ्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि जिन्यावर पावलं वाजायची वाट बघू लागल्या.